बिनदातांचा जावई

यंत्र धुवायचं काम दरवर्षी माझंच. आमचे हे वर चढून नटबोल्ट आवळणार, ग्रीस भरणार, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी पान्यांची आदळआपट करणार, आणि खाली चिखलात पाय रोवून पाण्याची नळी धरायची मी. त्या दिवशीही तेच चाललं होतं. वारा कोरडा होता, गव्हाचा वास घेऊन येत होता, आणि मी एकच पालुपद लावलं होतं.

"अहो, दादाला एक फोन करा."

"कशाला?"

"पुलावर काय बोलणार आहात ते आधी त्याच्या कानावर घाला. ऐनवेळी ऐकलं की माणसाच्या मनात भलतंच येतं."

"तुझा दादा काय परका आहे का? परक्याला समजावून सांगावं लागतं. घरच्याला नुसत्या डोळ्यांनी कळतं."

"डोळ्यांनी कळत असतं तर देवानं जीभ कशाला दिली असती?"

"मला दिलीच नाही. माझ्या वाटची पण तुलाच दिली."

असं बोलून ते स्वतःच हसले आणि पुन्हा पाना आपटायला लागले. मी नळी त्यांच्या पायावर धरली. तेवढाच सूड.

आता ही पुलाची काय भानगड ते सांगते. आमचं गाव ओढ्याच्या वरच्या अंगाला, माझं माहेर खालच्या. मधे एक दगडी पूल. पूल ओलांडला की दुसरा देश लागतो, हे मला लग्न होऊन नांदायला आल्यावर कितीतरी दिवसांनी नीट ध्यानात आलं. कारण फरकच काही नव्हता. भाषा तीच, माती तेवढी वेगळी. इकडं दगडगोटे, तिकडं भुसभुशीत लोण्यासारखी. दोन्ही देशांचं सूत जुनं. कुठल्याशा लढाईत खांद्याला खांदा लावून लढले म्हणे. पुलावरचे शिपाई एकमेकांकडं चहा प्यायला जायचे.

आणि हे लाल यंत्र. गहू कापायचा, मळायचा, दाणे पोत्यात सोडायचे, सगळं एकट्यानं करणारं. ते दोघांनी मिळून घेतलं होतं, आमच्या ह्यांनी आणि दादानं. ह्यांनी वासरांसकट गुरं विकली. दादाकडं विकायला होती ती घरामागची अक्रोडाची झाडं. आमच्या वडिलांच्या हातची. ती तोडली त्या दिवशी दादा घरात बसून राहिला होता, करवतीचा आवाज येत होता तरी बाहेर आला नाही. तर असं ते यंत्र. खालच्या अंगाला गहू आधी पिकतो म्हणून आधी दादाकडं जायचं, मग परत येऊन आमच्या वावरात चालायचं. माहेरच्या लोकांनी त्याचं नाव जावई ठेवलं होतं. वर्षातून एकदा येतो, पोटभर पितो, आणि निघताना सगळ्यांनी ढकलावा लागतो. आमचे हे तिथले खरेखुरे जावई, पण त्यांचा मान दुसरा.

मग दोन्हीकडच्या सरकारांचं बिनसलं. आमच्या गावात एक वाणी आहे, त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण दुकानात मीठ मागायला गेलं तरी आधी बातम्या ऐकाव्या लागतात. त्यानं सांगितलं ते असं. आमचे प्रधान त्यांच्याकडं मेजवानीला गेले आणि भरल्या सभेत थट्टेनं म्हणाले, आमच्या जिवावर जगता आणि आम्हालाच भाव सांगता. उचलली जीभ लावली टाळ्याला. मग त्यांचे प्रधान आमच्याकडं आले तर कुणाच्या तरी चुकीनं विमानाच्या शिडीपाशी त्यांना घ्यायला कोणी गेलंच नाही. भर उन्हात उभे राहिले. ती चूक होती की चूक दाखवून केलेलं होतं, हे रेडिओलाही माहीत नव्हतं. त्यांनी आमच्या लोखंडावर कर बसवला, आमच्यांनी त्यांच्या लाकडावर. त्यांनी दुधावर, आमच्यांनी बियाण्यावर. म्हणता म्हणता ओढ्यावरच्या पुलाला आडवी दांडी लागली आणि शहरातून नवे साहेब येऊन बसले.

आमच्या बाजूचा नाकेवाला ओळखीचा. त्यानं ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "यंत्र भागीत आहे म्हणाल तर फसाल. अर्धं तिकडचं म्हटलं की जाताना त्यांचा कर, येताना आपला. तुमचं एकट्याचं आहे, चार दिवस चालवून परत आणणार आहे, असं सांगा. कर शून्य."

सल्ला चांगला होता. फक्त तो दादाच्या कानावर घालायचा होता.

पुलाच्या पलीकडच्या टोकाला दादा दरवर्षीसारखा येऊन उभा होता. बरोबर वहिनी, गावातली चारदोन माणसं, रिकामी पोती. दांडी नवी होती, पण ती वर करायचा मान आपलाच समजून त्यानं आधीच तिच्यावर हात ठेवला होता. मी यंत्राच्या मागून चालत होते. त्यांच्या बाजूचा साहेब पुढं आला.

"हे यंत्र कुणाचं?"

"माझं," हे वरून म्हणाले.

"एकट्याचं?"

"एकट्याचं."

दादानं मान वर केली. मी त्याच्याकडं बघून डोळ्यांनी खुणावलं, पण तो माझ्याकडं बघतच नव्हता.

"गावात तर म्हणतात भागीदारी आहे," साहेब म्हणाला.

इथं थांबायला हवं होतं. नुसतं नाही म्हणायचं आणि गप्प बसायचं. पण जीभ आपल्याला दिलीच नाही म्हणणारा माणूस, खोटं बोलायची सवय नाही, मग एक खोटं उभं करायला त्याला टेकू लावत बसला.

"भागीदारी कसली साहेब? मेव्हणा आहे, डिझेलपाण्याला हातभार लावतो. एवढं यंत्र घ्यायची त्याची कुठली ऐपत?"

आणि हसले. साहेबही हसला. तिकडच्या चारदोन माणसांतलंही कुणीतरी हसलं.

दादाचा हात दांडीवरून खाली आला. दांडी शिपायानं उचलली.

दादाकडं यंत्र चाललं ते दिवस मी विसरणार नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. दादा सगळं करत होता, पोती धरत होता, डिझेल आणत होता, वेळेवर ताट वाढायला लावत होता. फक्त दाजी म्हणायचं सोडून मालक म्हणत होता. "मालक, पाणी देऊ का? मालक, हा बांध सांभाळून." ह्यांना आधी ती थट्टा वाटली. ते हसून उत्तर देत होते. मग हसणं कमी झालं. वहिनी चुलीपुढं मला म्हणाली, "हे अंथरुणावर पडून नुसते छताकडं बघत असतात. काही विचारलं की म्हणतात, माझी कुठली ऐपत." मी ह्यांना गाठून सांगितलं, जाऊन दोन शब्द बोला. हे म्हणाले, "काम उरकू दे. कामात काय बोलायचं."

काम उरकलं. निघायच्या सकाळी आम्ही अंगणात आलो तर दादा यंत्रापुढं बसलेला, हातात पाना. कटरची दातेरी पट्टी सोडवून त्यानं बाजूला गवतावर ठेवली होती. ती पट्टी म्हणजे यंत्राचे दात. तीच पीक कापते, बाकीचं सगळं यंत्र तिच्या मागं चालतं.

"खराब झाली काय?" ह्यांनी विचारलं.

"नाही. चांगली आहे. जुनी मोडली तेव्हा ही मी आणून बसवली होती. तुमचं यंत्र तुम्ही न्या, मालक. पट्टी माझी आहे, माझ्याकडं राहू द्या."

हे जागच्या जागी थांबले. "मेव्हणे, पुलावरचं मनाला लावून घेतलंत होय? अहो, ते साहेबापुढं बोलायचं होतं. कर वाचवायला."

"भागीदारी नाही म्हणायचं होतं ते कळलं मला. तेवढा मीही शहाणा आहे. ऐपत काढायलाही साहेबानंच सांगितलं होतं?"

 उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो.

"माझा गहू उभा आहे वावरात. तुमचा पोत्यात पडला म्हणून हे सुचतंय. नुसती पट्टी घेऊन काय दाढी करणार आहात?"

"बिनदातांचं यंत्र नेऊन तुम्ही जे करणार, तेच मी करणार."

मी दोघांच्या मधे उभी होते. कुणाला काय म्हणू? आपलेच दात, आपलेच ओठ. वहिनीनं पदर तोंडाला लावला. हे यंत्रावर चढले आणि मागं न बघता निघाले. पुलावर कुणीच अडवलं नाही. एकट्याचं यंत्र, कर शून्य. कर तेवढा वाचला.

आमचा गहू पिवळा होऊन वाजायला लागला होता. ह्यांनी तालुक्याला धाव घेतली. दुकानदार म्हणाला, ती पट्टी पलीकडच्या देशातल्या कारखान्यातून येते, आता मालच अडकलाय, सुटला तरी दुप्पट पडेल. मग विळे काढले. किती वर्षांचे गंजलेले. गावात मजूर मिळेना, कारण ज्याचं त्याचं वावर तयार. आम्ही दोघं वाकलो. माझ्या हाताला फोड आले, ते फुटले, त्यावर फडकं बांधलं. हे मधेच उठून आभाळाकडं बघायचे. आभाळ डोंगरामागं काळंनिळं होऊन बसलं होतं, आणि एका दुपारी वारा एकदम पडला. पाखरं गप्प झाली. मग गारा आल्या. आम्ही बांधावरच्या झाडाला चिकटून उभे राहिलो आणि समोर उभा गहू झोपताना बघितला. अर्धाअधिक गेला. थांबल्यावर हे वावरात गेले, एक लोंबी उचलली, हातावर चोळली, पुन्हा खाली टाकली. 

मी चार दिवसांनी पूल ओलांडून दादाकडं गेले.

"दादा, देऊन टाक रे पट्टी. गारांनी खाल्लं आमचं."

"कळलं मला." दादा दारातच बसला होता. घरामागं जिथं झाडं होती तिकडं तोंड करून. "चिमे, मला आनंद झाला असं वाटतं का तुला?"

"मग?"

"त्यांना म्हणावं या. इथं दारात उभं राहून एवढंच म्हणा, यंत्र दोघांचं. मी स्वतः पट्टी खांद्यावर घालून पूल ओलांडतो."

"त्यांच्या मनात नव्हतं रे तसलं काही."

"अगं, मला आधी सांगितलं असतं तर त्या साहेबापुढं मीच म्हटलं असतं, यंत्र दाजींचं आहे, मी भिकारी आहे. हसत हसत म्हटलं असतं. माझ्या गावच्या माणसांपुढं, मला न सांगता..."  मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. लहानपणी तो माझ्या ठेवायचा.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "म्हणतो की. मी कुठं नाही म्हणतोय? पण आधी पट्टी देऊ दे. नाक दाबलं की तोंड उघडतं असं वाटतंय काय त्याला?"

मी पुन्हा गेले. पुन्हा आले. आधी बोलू देत, आधी देऊ दे. माझी इकडं आड तिकडं विहीर. रेडिओच्या दुकानात टीव्हीवर रोज तेच ऐकू यायचं, आधी त्यांनी कर काढावा, आधी ह्यांनी माफी मागावी. मी साबण घेऊन निघून यायची. मला त्या मोठ्या लोकांचा एवढा राग कधी आला नव्हता, कारण ते माझ्या घरातल्यासारखे बोलत होते.

थंडीत पुलावर परवाने आले. आठवड्यातून एकाच वारी जायचं, तेही रांगेत उभं राहून. मग माणसं जायची कमी झाली आणि लोक पूल बंदच झाला म्हणायला लागले. शिपायांचा एकमेकांकडचा चहा तर कधीच बंद झाला होता. वहिनीचे फोन यायचे, तेही तुटक. पुढच्या सुगीला तिनं सांगितलं, हातानं कापला, पण मळणीच्या ऐन वेळी पाऊस आला, खळ्यातल्या गव्हाला कोंब फुटले. दादाची कंबर धरली होती. महिनाभर उठता येत नव्हतं. मी हे ह्यांना जेवताना सांगितलं. ह्यांनी ताट बाजूला सारलं आणि बाहेर जाऊन शेडच्या दाराशी उभे राहिले. आत यंत्रावर धूळ बसली होती. कोंबड्या त्यात अंडी घालायच्या.

"बघता काय नुसतं, जा की," मी म्हटलं.

"पूल बंद आहे."

"पूल बंद आहे. तोंड बंद नाही."

त्यांनी शेडचं दार ओढून घेतलं. त्या सुगीला आमचाही गहू विळ्यानंच कापला. त्याच्या पुढच्याही. ह्यांचं वावर कमी कमी पेरलं जात होतं, आणि हट्ट मात्र तेवढाच उगवत होता.

आणि एक दिवस रेडिओ दुकान उघडं टाकून आमच्या अंगणात आला. "मिटलं," म्हणाला. दोन्ही प्रधानांनी मिठी मारली, फोटो काढले, कर उठले, परवाने गेले. वरातीमागून घोडं. मिठी मारायला त्यांना असं काय कष्ट पडले असतील कोण जाणे, पण ती दोन सुगी आधी मारली असती तर.

हे त्याच दिवशी शेडमध्ये शिरले. कोंबड्या हाकलल्या. नळी मला धरू दिली नाही, स्वतःच धुतलं, स्वतःच ग्रीस भरलं. खालच्या अंगाचा गहू तयार व्हायची वेळ झालीच होती.

"आता तरी दादाला फोन करा," मी म्हटलं.

"नको. समोर उभं राहून सांगतो. फोनवर सांगायची गोष्ट नाही ती."

नट आवळताना ते पुटपुटत होते. मी जवळ गेले तर गप्प झाले. पण मला ऐकू आलं होतं. दोघांचं, दोघांचं, असं चाललं होतं. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

पुलावर दांडी नव्हतीच. तिचा खांब तेवढा उरला होता. तोच साहेब खुर्चीवर बसून चहा पीत होता. त्यानं हातानं जा म्हणून खूण केली. ह्यांनी यंत्र बंद केलं.

"साहेब, विचारा."

"काय विचारू?"

"यंत्र कुणाचं ते."

"आता कशाला? कर गेला. जा पुढं."

"विचारा तर."

साहेबानं माझ्याकडं बघितलं, ह्यांचं डोकं ठिकाणावर आहे ना अशा नजरेनं. मग कंटाळून म्हणाला, "बरं. कुणाचं?"

"दोघांचं. माझं आणि माझ्या मेव्हण्याचं. बापाच्या हातची झाडं विकून अर्धा पैसा घातलाय त्यानं." मोठ्यानं म्हणाले. दादा दरवर्षी उभा राहायचा तिथं कोणीच नव्हतं. ओढ्याचं पाणी तेवढं वाजत होतं.

"छान," साहेब म्हणाला आणि चहा प्यायला लागला.

दादाचं वावर टेकडीच्या वळणाआड आहे. वळण घेतलं आणि ह्यांनी यंत्र थांबवलं. मी मागून आले, वर बघितलं तर हे दोन्ही हात चाकावर ठेवून बसलेले. वावरात गहू नव्हता. ओळीनं काठ्या रोवल्या होत्या आणि प्रत्येक काठीला गुडघ्याएवढं रोप बांधलं होतं. अक्रोडाची रोपं. बांधापासून बांधापर्यंत.

दादा आवाज ऐकून आला. कमरेत वाकलेला, हातात काठी. वहिनी त्याच्या मागं.

"अरे, गहू?" मी विचारलं.

"हातानं होईना गं. कंबर गेली. मजूर मिळेना." तो रोपांकडं बघत म्हणाला. "झाडांना काय, एकदा लावली की वाकावं लागत नाही."

"फळ कधी धरणार?" ह्यांनी वरून विचारलं. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"पोरं खातील," वहिनी म्हणाली.

हे खाली उतरले. दादापुढं जाऊन उभे राहिले. शाळेतल्या पोरानं पाठ केलेलं विसरावं तसं झालं त्यांचं. तोंड उघडलं, मिटलं, मग एकदम म्हणाले, "मेव्हणे, यंत्र दोघांचं आहे."

दादानं त्यांच्याकडं बघितलं. मग काठी वहिनीकडं दिली आणि घरात गेला. बाहेर आला तेव्हा गोणपाटात गुंडाळलेली पट्टी दोन्ही हातांवर होती. गोणपाट सोडलं. एकाही दातावर गंजाचा ठिपका नव्हता. तेलानं गोणपाट काळं पडलं होतं. वहिनी हळूच मला म्हणाली, "दर महिन्याला काढून पुसतात. तेल लावतात आणि पुन्हा ठेवतात."

दोघं यंत्रापुढं बसले आणि पट्टी बसवायला लागले. एकानं धरायची, दुसऱ्यानं नट फिरवायचा. कुणी काही मागितलं नाही, तरी पाना हातात येत होता. शेवटचा नट आवळून झाल्यावर दादानं दातांवरून अंगठा फिरवला.

"यंत्र दोघांचं, दाजी," तो म्हणाला. "पीक मात्र आता तुमच्या एकट्याचं."

दाजी म्हणाला. किती दिवसांनी म्हणाला. ह्यांनी त्याचा हात धरला आणि तिथंच, सगळ्यांदेखत, लहान मुलासारखे रडले. दादा त्यांच्या पाठीवर थोपटत राहिला. 

आमचा गहू त्या वर्षी बरा आला होता. यंत्र त्यात चाललं, पट्टी सपासप कापत गेली, दाणे पोत्यात पडले. पोतं धरायला दादा असायचा तिथं मी उभी राहिले. काम लवकरच संपलं, कारण एवढंसंच वावर उरलं होतं. हे यंत्र शेडमध्ये घेऊन आले, पट्टी सोडवली, पुसली, तेल लावलं आणि गोणपाटात गुंडाळून ठेवली. मग मला म्हणाले, रोपांना उन्हाळ्यात पाणी घालायला माणूस लागेल, दादाला फोन लावून दे.